तेच पंक्चर पुन्हा पुन्हा: मागचं चाक घरी काढा, पण आधी खुणा करा

जूनच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत माझ्या जुन्या स्प्लेंडरचं मागचं चाक पाच वेळा बसलं. खिळा नाही, काच नाही, करवंदीचा काटासुद्धा नाही. रात्री हवा ठीक असायची आणि सकाळी पडवीतून बघावं तर टायर चपटा. पंक्चरवाला दर वेळी टायरच्या आतून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "टायरात काय नाय हो, ट्यूबच जुनी झाली." चार ठिगळांनंतर मी नवी ट्यूब घातली. ती बारा दिवस टिकली.

मग चाक स्वतः काढायचं ठरवलं. पैसे वाचवायचे म्हणून नव्हे. पंक्चरचे पैसे असे किती असतात? कारण वेगळं होतं. दुकानात चार गाड्या खोळंबलेल्या असतात. माणूस टायरची एक कड उचकटतो आणि ट्यूब सर्रकन बाहेर ओढतो. ती आत कशी बसली होती, तिची कुठली बाजू चेनकडे होती, हे त्या क्षणी पुसलं जातं. पाण्यात बुडबुडे दिसतात, भोक सापडतं, ठिगळ बसतं. पण ते भोक कशाने पडलं हे सांगणारं काहीच हातात उरत नाही. त्याचा दोष नाही, त्याला पंक्चर काढायला सांगितलं होतं आणि ते त्याने काढलं.

तर पंक्चर एकदाच झालं असेल तर सरळ दुकानात जा. महिन्यात दोनदा किंवा जास्त झालं, तर पुढचं वाचा.

हे सगळं 100 ते 125 सीसीच्या, तारांच्या चाकाच्या, ट्यूबवाल्या, मागे ड्रम ब्रेक आणि खाली डबल स्टँड असलेल्या गाडीबद्दल आहे. ट्यूबलेस टायर असेल तर बहुतेक पंक्चरं चाक जागेवर ठेवूनच निघतात, तुम्हाला या भानगडीत पडायची गरज नाही. मागे डिस्क ब्रेक असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: चाक बाहेर असताना ब्रेकच्या पॅडलवर पाय पडता कामा नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क त्यांच्यामध्ये शिरत नाही.

काढण्याआधी

साहित्य फार लागत नाही. एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंना नीट बसतील असे दोन रिंग पाने किंवा गोटी पाने, पक्कड, हातोडी, लाकडाचा ठोकळा, गंज सोडवायचा स्प्रे, थोडं ग्रीस, टायर खोलायचे दोन लिव्हर, हवेचा पंप, आणि एक पांढरा खडू. स्क्रू फिरवून लहानमोठा होणारा पाना मात्र एक्सलच्या नटाला लावू नका. तो सटकतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. गोल झालेला नट काढणं हा वेगळा लेख आहे.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर घ्या. आमच्या अंगणात उतार आहे, म्हणून मी पुढच्या चाकाला दोन्हीकडून एकेक दगडी चिरा लावला आणि पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला आवळून बांधला. गाडी स्टँडवरून पुढे सरकली तर ती सरळ तुमच्या अंगावर येते, त्यामुळे हा आळस करू नका. डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीपासून जेमतेम बोटभर वर असतं आणि मडगार्डखालून बाहेर यायला तेवढं पुरत नाही. स्टँडच्या दोन्ही पायांखाली दीड-दोन इंच जाडीची एकच रुंद फळी ठेवली की काम होतं. दोन वेगवेगळ्या विटा ठेवू नका, एक सरकली की संपलं.

आता खडू. टायरवर व्हॉल्व्हसमोर एक मोठी रेघ मारा. टायरच्या चेनकडच्या बाजूला "चे" लिहा. चेन ताणायचे जे दोन अॅडजस्टर मागे असतात, त्यांची खाचांच्या पट्टीवरची जागा दोन्हीकडे नोंदवून ठेवा किंवा मोबाइलवर फोटो काढा. ब्रेक रॉडच्या टोकाच्या नटामागे किती आटे बाहेर दिसतात तेही मोजा. ह्या पाच मिनिटांनी पुढचा तास वाचतो.

व्हॉल्व्ह सरळ उभा आहे की तिरका झालाय, हेही हवा सोडण्याआधीच बघून घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

दोन नट

घरी पहिल्यांदा चाक काढणारा इथेच चुकतो. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना चेनच्या बाजूला एकात एक असल्यासारखे दोन नट दिसतात. बाहेरचा लहान नट एक्सलचा. त्याच्या आतला मोठा नट स्लीव्हचा, म्हणजे ज्या पोकळ नळीवर मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बसलेलं असतं तिचा. मोठा नट दिसतो म्हणून आधी तोच सोडावासा वाटतो. तो सोडू नका. तो जागेवर राहिला तर स्प्रॉकेट, चेन, चेनकव्हर सगळं गाडीला तसंच लटकून राहतं आणि चाक एकटं बाहेर येतं. चेनचा ताण हलतच नाही. पंक्चरवाले दहा मिनिटांत चाक काढतात ते याच सोयीमुळे.

चेन खरोखरच सोडायची वेळ आली, तर चेनलॉकची क्लिप परत बसवताना तिचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला ठेवायचं. उलट बसवलेली क्लिप एखाद्या दगडाला किंवा काटकीला अडकून निघते.

क्रम असा. उजवीकडे ब्रेक रॉडच्या टोकाचा नट काढा, रॉड ओढून घ्या, आणि स्प्रिंग, पिन आणि नट लगेच त्याच रॉडवर परत चढवून ठेवा. ती पिन गवतात पडली की सापडत नाही. मग ब्रेकप्लेटला, म्हणजे ब्रेकचा ड्रम झाकणाऱ्या तबकडीला, चेसीशी बांधून ठेवणारी लोखंडी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म. तिच्या बोल्टाला आडवी पिन असते. ती सरळ करून काढा, बोल्ट सोडा. मग एक्सलचा नट. दुसऱ्या बाजूला बोल्टाचं डोकं पान्याने धरून ठेवा, नाहीतर सगळाच एक्सल गोल फिरतो. नट निघाला की एक्सल ओढायचा.

आणि इथे माझं गाडं अडलं.

एक्सल हलत नाही

घाटावरच्या लोकांना हे कदाचित कधी भोगावं लागत नसेल. चिपळूण ते गुहागर रस्त्यावर रोजची ये-जा, चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने खाऱ्या वाऱ्यातली हवा. एक्सल आणि त्याच्या भोवतीच्या नळीमध्ये जी केसाएवढी फट असते, तिथे गंज शिरून ती भरून टाकतो. पंक्चरवाल्याने पंधरा दिवसांपूर्वी काढलेला एक्सल होता, तरी त्याने तो कोरडाच घातला असणार.

माझा भाचा बॅटरी धरून बसला होता. तो म्हणाला, "मामा, हाण ना हातोडी."

हीच चूक. एक्सलच्या टोकावर थेट हातोडी बसली की टोक फुलतं, आटे मोडतात, आणि मग नट आत जात नाही, एक्सलही बाहेर येत नाही. माझ्या एका जुन्या गाडीचा एक्सल असाच करवतीने कापावा लागला होता.

करायचं असं. दोन्ही टोकांना स्प्रे मारा. स्प्रे ब्रेकप्लेटच्या फटीत जाता कामा नये, म्हणून तिकडे फडकं दाबून धरा. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं की ते लायनर गेले असं समजा. अर्धा तास थांबा. शक्य असेल तर रात्रभर ठेवा. मग ओढू नका, फिरवा. बोल्टाच्या डोक्याला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एकदा "टक्" असा बारीक आवाज येतो आणि पाना सुताएवढा हलतो. तो आवाज आला की अर्धं काम झालं. तसंच पुढे-मागे करत राहा, मध्ये मध्ये स्प्रे मारा, एक्सल मोकळा फिरायला लागतो.

फिरायला लागला तरी बाहेर येत नसेल, तर नट परत चढवा, इतका की एक्सलचं टोक आणि नटाचा वरचा काठ एका पातळीत येईल. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारा. मार नटाला बसतो, आटे वाचतात. थोडा सरकला की नट काढून एखाद्या बारक्या गजाने ढकला. काही गाड्यांत एक्सल सायलेन्सरला अडतो, तिथे सायलेन्सरचा बोल्ट सैल करून तो थोडा खाली घ्यावा लागतो. सायलेन्सर थंड असल्याची खात्री करा, एवढं सांगायला नको.

आमच्या एक्सलवर काढल्यावर विटकरी रंगाचा थर होता. पॉलिश पेपरने घासला, पुसला, आणि परत घालताना संपूर्ण लांबीवर ग्रीसचा पातळ हात दिला. आट्यांना मात्र ग्रीस नाही.

एक्सल निघताना चाकाखाली पाय किंवा लाकूड द्या, नाहीतर ते आदळतं. उजवीकडचा गोल स्पेसर पडेल, तो उचला. एका जुन्या वर्तमानपत्रावर सगळं निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत जा: नट, वायसर, अॅडजस्टर, स्पेसर, ब्रेकप्लेट. ज्या बाजूला जे होतं त्याच बाजूला ते मांडा. स्पेसर दिसायला सारखे असले तरी लांबीला सारखे नसतात.

ब्रेकप्लेट उचलून बाजूला घ्या. आतली काळी धूळ फुंकू नका, हवेने उडवूही नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. मग चाक उजवीकडे ओढा. ते स्प्रॉकेटच्या रबरांमधून सुटेल आणि खाली येईल. गाडी थोडी तिरकी धरायला दुसरा माणूस असेल तर सोपं जातं.

भोक काय सांगतं

हा भाग सावकाश वाचा, बाकी सगळं ह्याच्यासाठी आहे.

हवा पूर्ण सोडा, टायरची एकच कड लिव्हरने बाहेर काढा, आणि ट्यूब ओढायच्या आधी तिच्यावर खडूने खूण करा: व्हॉल्व्हजवळ चेनच्या बाजूला "चे". मग ट्यूब काढा, हवा भरा, बादलीत बुडवा, भोक शोधा. ट्यूब सुकवून चाकाशेजारी जमिनीवर तशीच ठेवा, व्हॉल्व्हसमोर व्हॉल्व्ह, "चे"समोर "चे". आता ट्यूबवरचं भोक चाकावरच्या एका नेमक्या जागेकडे बोट दाखवतंय.

भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असेल, तर टायरमध्ये काहीतरी अजून शिल्लक आहे. टायरच्या त्याच जागी आतून बघा. बोट फिरवून नेहमी सापडत नाही, कारण बारीक तार किंवा काट्याचं टोक टायर मोकळा असताना रबरात आत दबलेलं असतं. ते फक्त वजनाखाली बाहेर डोकावतं. टायर त्या जागी दोन्ही हातांनी उलटा वाकवा. बोटाऐवजी कापसाचा बोळा फिरवा, तो अडकतो, आणि बोटही कापत नाही.

शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या? मग ट्यूब चिमटली गेली आहे. एकतर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं, किंवा टायर बसवताना लिव्हरच्या टोकात ट्यूब सापडली. दुसरं कारण असेल तर पंक्चर बसवल्यावर लगेच किंवा दुसऱ्याच दिवशी होतं. घरी पहिल्यांदा टायर बसवणाऱ्या प्रत्येकाकडून हे एकदा होतं, मनाला लावून घेऊ नका.

व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर टायर रिमवरून सरकतोय आणि ट्यूबला बरोबर ओढतोय. म्हणून आधी व्हॉल्व्ह तिरका आहे का ते बघायला सांगितलं. कारण बहुतेक वेळा हवा कमी ठेवणं हेच असतं. टायरमध्ये किती हवा हवी ते चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मागे बसणारा माणूस असेल तर आकडा वेगळा, वरचा. पंपावर काही ठिकाणी किलोत बोलतात, काही ठिकाणी पौंडात: 1 किलो म्हणजे साधारण 14 पौंड. 28 पौंड सांगितलं आणि त्याने 2 किलो भरली तर तो बरोबर आहे.

आणि भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला असेल, रिमच्या बाजूला, तर टायरचा काही संबंधच नाही.

आमच्या ट्यूबचं भोक आतल्या अंगाला होतं. भाच्याने जुनी ट्यूबही आणली, ती मी टाकली नव्हती. तिच्यावरची चार ठिगळं चाचपली. चारही आतल्या अंगाला, आणि चारही व्हॉल्व्हपासून एक वीत आणि चार बोटं, बोटभर इकडे तिकडे. नव्या ट्यूबवरही तेवढंच अंतर. कुठली बाजू ते जुन्या ट्यूबवर कळत नव्हतं, पण अंतर पुरेसं होतं.

"मामा, टायरात काय नाय," भाचा पंक्चरवाल्याच्या आवाजात म्हणाला.

खरंच काही नव्हतं. रिमच्या खोलगट भागात जी रबरी पट्टी असते, तारांच्या टोकांपासून ट्यूबला वाचवणारी, ती त्या जागी बाजूला सरकलेली आणि कडेला विरलेली होती. पट्टी उचलली. तारांच्या निपलांची, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या बारक्या नटांची, टोकं एका ओळीत, गंजलेली, पण रिमच्या पातळीखाली. एक सोडून. त्या एका निपलातून तारेचं टोक सुमारे दोन मिलीमीटर वर आलेलं, आणि तेवढंच चकचकीत. मग आठवलं. मे महिन्यात महामार्गावरच्या एका खड्ड्यात एक तार तुटली होती, आणि ती बदलून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला होता. घातलेली तार लांब निघाली. आउट काढणाऱ्याने ती ताणली, चाक सरळ केलं, पण आतून वर आलेलं टोक घासलं नाही. चाक फिरताना, गाडी आपटताना ते टोक विरलेल्या पट्टीच्या कडेने ट्यूबला थोडं थोडं टोचत होतं. म्हणून भोक बारीक, म्हणून हवा रात्रभरात जायची, रस्त्यात नाही.

कानशीने ते टोक निपलाच्या बरोबरीने घासलं. तार तोडणीने तोडू नका, धार राहते. मग रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने खरवडली, कारण सुटलेला गंजही पत्र्यासारखा कापतो. पुसून, सुकवून रंगाचा एक हात दिला आणि रबरी पट्टी नवी घातली. पट्टी तुमच्या रिमच्या मापाची घ्या. सैल पट्टी पुन्हा सरकेल. जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी घालायची पद्धत आहे, अडचणीत ठीक, पण ती घडी पडून वळते. माझ्या मते नव्या पट्टीला पर्याय नाही.

ट्यूब बाहेर आहे तोवर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. बेअरिंगच्या आतल्या कड्यात बोट घालून ते फिरवा. मऊ फिरलं तर ठीक. वाळू असल्यासारखी खरखर लागली तर बदला. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, तोच दुकानात सांगा. नंबरापुढे आरएस असेल तर रबरी सील असतं, झेड असेल तर पत्र्याचं झाकण. आमच्याकडच्या पावसाला रबरी सील बरं. दुसरं म्हणजे हबमधली रबरं. अॅक्सिलरेटर सोडून परत पिळला की मागून "खट" असा धक्का लागत असेल, तर हीच रबरं झिजलेली असतात. ती चार रुपयांची गोष्ट नाही, पण चेनकिट लवकर खराब होण्यापेक्षा स्वस्त. बसवताना घट्ट गेली तर साबणाचं पाणी लावा, तेल नाही.

परत बसवताना

ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, नुसता गोल आकार येण्यापुरती. टाल्कम पावडर लावली तर ती चिकटत नाही आणि पिळत नाही. व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून काढून नट दोन आट्यांवर ठेवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटची वीतभर कड घट्ट लागते आणि तेव्हाच माणूस लिव्हर खोल घालतो. त्याऐवजी समोरची कड टाचेने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा, इकडे ढिलाई मिळते. साबणाचं पाणी लावा. शेवटचा भाग तळहातांनी ढकलून बसला तर उत्तम. कड बसल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे त्याच्या मुळाशी ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. टायरवरचा बाण चाक पुढे पळतं त्या दिशेला आहे ना बघा. पूर्ण हवा भरा, पूर्ण सोडा, पुन्हा भरा. पहिल्या भरण्यात पडलेल्या चुण्या निघून जातात. टायरच्या कडेजवळ जी बारीक उठावदार रेघ असते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

चाक उचलून मडगार्डखाली घ्या, रबरांमध्ये ढकला, ब्रेकप्लेट आत बसवा, स्पेसर ज्याचा तिकडे, आणि एक्सल घाला. इथून पुढे बहुतेक तक्रारी एकाच गोष्टीवरून येतात: नट आवळण्याचा क्रम.

आधी टॉर्क आर्म. तो बोल्ट लावा आणि पिन नवी घाला, वाकवून सरळ केलेली जुनी नाही. टॉर्क आर्म विसरून ब्रेक दाबला तर ड्रम फिरता फिरता ब्रेकप्लेटलाही बरोबर फिरवतो, रॉड वाकतो किंवा तुटतो आणि चाक जाम होतं. उतारावर हे झालं तर काय होईल याचा विचार मी करत नाही. संपूर्ण कामात एकच गोष्ट दोनदा तपासायची झाली तर ती हीच.

मग ब्रेक रॉड. मग एक्सलचा नट हाताने. आता चेन आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये वरून एक गुंडाळलेलं फडकं घाला आणि चाक हाताने मागे फिरवा, ते फडक्यावर अडतं आणि एक्सल पुढे खेचला जाऊन अॅडजस्टरला घट्ट टेकतो. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेकचं पॅडल दाबून धरायला सांगा, म्हणजे ब्रेकचे शूज ड्रमच्या मधोमध येतात. ह्या अवस्थेत नट आवळा. चाक बसवल्यावर ब्रेक सर्र सर्र घासतो किंवा दाबल्यावर मऊ लागतो ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच जाते. फडकं काढायला विसरू नका. आणि गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेनजवळ फडकं कधीच नेऊ नका, त्यात लोकांची बोटं गेली आहेत.

किती आवळायचं? गाडीच्या पुस्तकात न्यूटन-मीटरमध्ये आकडा असतो. टॉर्कचा पाना नसेल तर अंदाज असा: 30 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकावर 15 किलो वजनाइतका दाब म्हणजे साधारण 44 न्यूटन-मीटर. 15 किलो म्हणजे किती ते वजनकाट्यावर हात दाबून बघा, आपल्याला वाटतं त्यापेक्षा ते जास्त असतं. पान्याला लांब पाइप लावून त्यावर उभं राहणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा एक्सल पुढच्या वेळी माझ्यासारखाच अडकतो.

चेन खालच्या बाजूला मधोमध वर-खाली हलवून बघा. दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा पुस्तकात. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल लागली तर चेन झिजली आहे. ताण बदलावा लागला तर दोन्ही अॅडजस्टर सारखे फिरवा, आणि मग खाचांवर पूर्ण विश्वास न ठेवता मागून खाली वाकून बघा. स्प्रॉकेटवरून पुढे जाणारी चेन सरळ रेषेत दिसते की वाकडी, हे डोळ्याला लगेच कळतं. गाडी चालवताना एका बाजूला ओढत असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

ब्रेकचं पॅडल दोन-तीन सेंटीमीटर मोकळं, मग पकड. रॉडवरच्या नटाचे आटे सुरुवातीला मोजले होते तेवढेच आले की झालं. पॅडल दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो ना, तो पॅडल मोकळं असताना विझतो ना, हे भाच्याला मागे उभं करून बघितलं. पुढचा ब्रेक सोडवा, चिरे काढा, फळीवरून गाडी उतरवा. पहिल्या वेळी गल्लीत हळू चालवून दोनदा ब्रेक मारा, मगच रस्त्यावर.

पन्नास किलोमीटर झाल्यावर एक्सलच्या नटाला पुन्हा पाना लावला, तो पाव फेरा आवळला गेला. टॉर्क आर्मची पिन जागेवर होती. व्हॉल्व्हसमोरची खडूची रेघ पावसाने पहिल्याच दिवशी पुसली, म्हणून आता तिथे भाच्याने पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. दर रविवारी हवा बघताना व्हॉल्व्ह त्या ठिपक्यासमोर सरळ आहे का तेही बघतो.